जमिनीखालचा जाळ, टेबलाखालची शेगडी

जानेवारीत सोलचं सरासरी तापमान शून्याखाली साधारण दोन अंश असतं. टोकियोचं शून्याच्या वर पाच अंशांच्या आसपास. तरीही सोलहून टोकियोला राहायला गेलेला माणूस पहिल्या हिवाळ्यात एकच तक्रार करतो: घरात थंडी वाजते. बाहेर नव्हे, घरात. सकाळी गादीतून पाय बाहेर काढला की पायाखाली बर्फासारखी लाकडी पट्टी आणि तोंडातून वाफ.

वारा दोन्ही देशांना एकच मिळतो. हिवाळ्यात सायबेरियावर जड, थंड हवेचा ढीग साचतो आणि तिथून वारं दक्षिण-पूर्वेला सुटतं. कोरियात ते जमिनीवरून येतं, म्हणून कोरडं आणि बोचरं. पुढे समुद्र ओलांडताना त्सुशिमा प्रवाहाच्या उबदार पाण्यावरून ते बाष्प उचलतं आणि जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, निगातासारख्या भागांत, माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ टाकतं. डोंगर ओलांडून टोकियोच्या बाजूला उतरेपर्यंत ते पुन्हा कोरडं झालेलं असतं आणि त्याची धार बोथट झालेली असते. म्हणजे टोकियोची थंडी जीव घेणारी नाही, सोलची आहे. कोरियाने घर तापवायचं ठरवलं, जपानने माणूस तापवायचं, आणि त्याचं मूळ बरंचसं या फरकात आहे. जेवण, झोप, जंगल, शेजाऱ्यांची भांडणं आणि म्हाताऱ्यांचे मृत्यू, सगळं पुढे याच निवडीच्या मागे गेलं.

कोरियाच्या ओंदोलबद्दल, म्हणजे जमिनीखालून जाळ फिरवून खोली तापवण्याच्या पद्धतीबद्दल, 'पूर्वजांची हुशारी' छापाचं इतकं लिहिलं जातं की ती वस्तू प्रत्यक्षात चालते कशी हे बाजूलाच राहतं. आपल्याकडच्या मातीच्या चुलीला वैल असतो, मुख्य जाळाची उरलेली धग वाट काढून बाजूच्या तोंडाशी येते आणि तिथे आमटी गरम राहते. ओंदोल म्हणजे अख्खी खोली त्या वैलावर ठेवलेली.

स्वयंपाकघराची जमीन शेजारच्या खोलीपेक्षा दोन-तीन फूट खाली खणलेली असते, कारण गरम धुराला वर चढायला वाट हवी. तिथे आगुंगी, म्हणजे चुलीचं तोंड. त्यावर लोखंडी कढया कायमच्या बसवलेल्या. कढईखालून जाळ मागे जातो तिथे एक अरुंद, वर चढणारा उंबरठा असतो. तो ओलांडला की ज्वाळा आणि धूर खोलीखालच्या बोळांत शिरतात आणि परत फिरू शकत नाहीत. हे बोळ म्हणजे कोरे. कधी समांतर रांगांत, कधी चुलीच्या तोंडापासून पंख्यासारखे पसरलेले, कधी नुसते सुटे दगडी खुंट आणि त्यांच्यामधून धुराने आपली वाट शोधायची. बोळांवर सपाट दगडी फरशा. दक्षिणेतल्या बोसोंगजवळचा ओबोंगसान डोंगर या फरशांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता, कारण तिथला दगड पातळ थरांत सुटतो आणि तापून तडकत नाही. पलीकडच्या टोकाला, धुराडं सुरू होण्याआधी, बोळांच्या तळापेक्षा खोल असा खड्डा असतो. धूर तिथे मंदावतो, काजळी आणि राख खाली बसते आणि धुराड्यातून उलट घुसणारा गार वारा त्या खड्ड्यातच अडतो. हा खड्डा उथळ राहिला की वाऱ्याच्या दिवशी सगळा धूर स्वयंपाकघरात परत येतो. गवंड्याचं कसब याच ठिकाणी कळतं.

दुसरं कसब जाडीचं. चुलीजवळ फरशी जाड आणि तिच्यावर मातीचा थरही जाड, पलीकडच्या टोकाला दोन्ही पातळ. उलट केलं तर चुलीकडची बाजू भाजून काढते आणि लांबची बाजू गारच राहते. फरशांमधल्या फटी लहान दगड आणि चिखलाने बुजवतात, वर माती लिंपतात आणि मंद जाळाने दिवसचे दिवस सुकवतात. घाईने मोठा जाळ केला तर माती भेगाळते. मग कागद: तुतीच्या सालीचा जाड कागद, थरावर थर चिकटवलेला. त्यावर वाटलेलं सोयाबीन आणि पेरिलाच्या बियांचं तेल एकत्र करून कापडाच्या पुरचुंडीने पुन्हा पुन्हा चोळायचं. कागद पिवळा, चकचकीत आणि पाणी न धरणारा होतो. ही केवळ शोभा नाही. जमीन आणि झोपलेल्या माणसाचं नाक यांच्यामध्ये धूर अडवणारा शेवटचा पडदा तोच असतो.

चुलीकडची गरम जागा आरेनमोक, लांबची गार जागा विनमोक. आजी-आजोबा, बाळंतीण आणि पाहुणे आरेनमोकला, सुना आणि पोरं जमेल तिथे. घरातला कोणी उशिरा येणार असेल तर त्याच्या भाताचं झाकणाचं पितळी भांडं आरेनमोकवर दुलईखाली ठेवलेलं असायचं. उकडलेलं सोयाबीन टोपलीत, पेंढ्याच्या काड्यांसह, गोधडीत गुंडाळून याच जागी दोन-तीन दिवस ठेवलं की पेंढ्यातल्या जिवाणूंनी त्याला तार सुटते आणि चोंगुकजांग तयार होतं. त्याचा वास ज्याने घेतलाय त्याला त्या खोलीत झोपण्याची कल्पना करायला सांगावी. तांदळाची दारू आंबवायलाही हीच जागा. विनमोकला मात्र रात्री ठेवलेल्या वाडग्यातलं पाणी कडाक्यात गोठायचं. जमीन पाठ भाजते आणि नाक गारठतं, हे जुन्या ओंदोल घराचं खरं वर्णन. हवा तापवण्याची सोय त्यात नव्हतीच. भिंतीतून, कागदी दारातून वारं येतच असे.

याची सुरुवात राजवाड्यात झाली नाही. चीनच्या तांग राजवटीच्या इतिहासात कोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याबद्दल नोंद आहे की तिथले गरीब लोक हिवाळ्यात लांब चर खणून त्यात मंद जाळ ठेवतात आणि ऊब घेतात. तेव्हाची रचना खोलीच्या एका-दोन बाजूंना भिंतीलगत जाणाऱ्या काटकोनी चराची होती. चीनच्या ईशान्येतला 'कांग' अजूनही तसाच, झोपायच्या ओट्यापुरता मर्यादित आहे. पूर्ण खोलीची जमीन तापवणं नंतर आलं, आणि श्रीमंतांच्या घरात तर फारच उशिरा, सोळाव्या-सतराव्या शतकात. तोवर उमराव लाकडी जमिनीच्या खोलीत शेगडी घेऊन बसायचे आणि ओंदोलची खोली आजारी आणि म्हाताऱ्यांसाठी असायची. तो काळ जगभरच थंडीचा होता. एकदा सवय लागल्यावर नोकरांच्या खोल्यासुद्धा तापू लागल्या.

आणि डोंगर बोडके झाले. हे कौतुकाच्या लेखांत येत नाही. खोली गरम ठेवायला रोज दोन वेळा जाळ लागतो, जाळाला पाइनच्या फांद्या लागतात. आधी फांद्या, मग झाडं, मग जमिनीवर पडलेली पाइनची पानंसुद्धा झाडून नेली जात. पान कुजायला उरलं नाही की मातीची धूप होते, आणि मातीशिवाय नवं झाड येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलभोवतीचे डोंगर लाल दिसत होते. पुढे कोरिया जपानच्या ताब्यात गेला तेव्हा जपानी राज्यकर्त्यांनी दोष ओंदोलवर टाकला. त्यात तथ्य होतं, पण त्याच राज्यकर्त्यांनी उत्तरेतली चांगली जंगलं लाकडासाठी तोडली, हे ते सांगत नव्हते. गंमत म्हणजे कोरियात स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांनीही एक-दोन हिवाळ्यांनंतर आपल्या तातामीच्या, म्हणजे पेंढ्याच्या जाड चटयांच्या, घरात एखादी ओंदोलची खोली बांधून घेतली.

देशभर ओंदोल एकसारखं नाही, आणि त्यातले फरक हवामान वाचायला उत्तम. उत्तरेत हाम्ग्योंगमध्ये स्वयंपाकघर आणि खोली यांच्यात भिंतच नसते. चुलीला लागूनच तापलेली मोठी बैठक, सगळं कुटुंब तिथेच. दक्षिणेला चेजू बेटावर उलटं: स्वयंपाकाची चूल वेगळी, तिचा आणि खोलीचा संबंध नाही. खोली तापवायची तेव्हा बाहेरून एका छोट्या भोकात घोड्याचं शेण आणि कोंडा पेटवून ठेवायचा. मुख्य भूमीवरही उन्हाळ्यात स्वयंपाकाचा जाळ खोली तापवतो ही अडचण होतीच. म्हणून परसात एक उघडी चूल असे आणि घराच्या मधोमध ओंदोलच्या खोल्यांना जोडून लाकडी फळ्यांचा उघडा मारू, म्हणजे वारा खेळवणारी ओसरी. हिवाळ्याची जमीन आणि उन्हाळ्याची जमीन एकाच छपराखाली, ही कोरियन घराची खरी कल्पकता, असं मला वाटतं. नुसत्या ओंदोलपेक्षा ही जोडी महत्त्वाची.

या जमिनीची ओढ किती होती याचं सर्वांत कठोर उदाहरण कोरियाबाहेरचं आहे. १९३७ च्या शरदात स्टालिनने सोव्हिएत अतिपूर्वेतल्या सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना मालगाड्यांत भरून मध्य आशियात पाठवलं. पहिल्या गाड्यांतले लोक कझाकस्तानात उश्तोबेच्या उघड्या माळावर उतरले. हिवाळा दारात, लाकूड नाही, घर नाही. त्यांनी टेकडीच्या कुशीत खड्डे खणले, वर बोरू टाकले आणि खड्ड्याच्या जमिनीखाली धुराचे बोळ काढले.

जपानला हे तंत्र माहीत नव्हतं असं नाही. क्योटोजवळ बिवा सरोवराकाठी ओत्सु इथे सातव्या शतकातल्या घराखाली ओंदोलचे दगडी अवशेष सापडले आहेत. कोरियन द्वीपकल्पातून आलेल्या कुटुंबांचं घर ते. पुढच्या पिढ्यांनी ते सोडून दिलं. कारणं उघड आहेत. जपानी घर जमिनीपासून उचललेलं असतं, खालून वारा खेळायला, कारण तिथला शत्रू थंडी नसून जून-जुलैची ओल आहे. खालची पोकळी बंद करून दगड-माती भरली की लाकडी खांब कुजतात. जाड पेंढ्याची तातामी खालच्या दगडाची ऊब वर येऊ देणार नाही, आणि दिली तर स्वतः जळेल. भूकंपात हलणाऱ्या घराखाली धुराचे बोळ बिनभेगांचे कसे राहणार, हाही प्रश्न आहेच. घर उन्हाळ्यासाठी बांधावं, हिवाळ्यात माणूस कुठेही राहू शकतो, हा तिथला सात शतकं जुना सल्ला आहे. लोकांनी तो जरा जास्तच मनावर घेतला.

म्हणून घराऐवजी माणूस तापवायचा. आधी जमिनीत खणलेला चौकोनी इरोरी, त्यात कोळसा. मुरोमाची काळात, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकात, कोणीतरी त्या निखाऱ्यांवर लाकडी चौकट ठेवून वर पांघरूण टाकलं आणि पाय आत घातले. तोच कोतात्सु. पुढे सतराव्या शतकापासूनच्या एदो काळात मातीच्या भांड्यातले निखारे आणि वर हलती चौकट आली, कोणत्याही खोलीत नेता येईल अशी. दहाव्या चांद्रमासातल्या डुकराच्या दिवशी कोतात्सु काढला की आग लागत नाही अशी समजूत होती. लाकूड-कागदाच्या शहरात ही काळजी अंधश्रद्धेपेक्षा गरजेची जास्त. चहाविधीची मंडळीही याच सुमाराला, नोव्हेंबरात, हिवाळी चूल उघडतात.

आजचा कोतात्सु सुमारे पाऊण मीटर चौरस बुटकं टेबल असतं. चौकट, तिच्यावर दुलई, वर सुटी फळी, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला खाली तोंड करून बसवलेला ३०० ते ६०० वॅटचा हीटर. आत एकदा तापलं की त्याला याच्या निम्मीही वीज लागत नाही, कारण तापवायची ती दुलईखालची थोडीशी हवा. विजेचा असा कोतात्सु तोशिबाने १९५७ मध्ये बाजारात आणला. हीटर वर टांगल्यामुळे पाय पसरायला जागा झाली. तरी लोकांचा विश्वास बसेना, कारण आतला तापणारा भाग पांढरा होता. निखारा लाल असतो, मग हे गरम कसं? कंपनीने तो लाल केला आणि खप वाढला. त्या लाल रंगाचा उबेशी काडीचाही संबंध नाही.

बिघडतं काय? दुलई आत सरकून हीटरला टेकते. ओले मोजे वाळवायला कोणी आत टाकतं. वायर टेबलाच्या पायाखाली चिरडते. आगी या तिन्हींमुळे लागतात. रात्रभर आत झोपलं तर घाम जाऊन अंगातलं पाणी कमी होतं आणि पायाला मंद भाजतं. ४४ अंश म्हणजे हाताला नुसतं सुखद गरम वाटेल, पण कातडी सहा तास तिथेच टेकलेली राहिली तर खालच्या थरापर्यंत जखम होते. मधुमेह असलेल्यांना ती कळतही नाही. हा धोका कोरियाच्या गरम गाद्यांनाही तितकाच लागू आहे.

कोतात्सुबाहेरच्या हवेसाठी जपानी घरात रॉकेलचा स्टोव्ह. रॉकेलचे १८ लिटरचे प्लास्टिकचे डबे टोकियोकडे लाल आणि ओसाकाकडे निळे असतात. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर मात्र चित्रच वेगळं. तिथल्या साप्पोरोचा जानेवारी सोलहूनही थंड. मेजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिथे वसवलेल्या सैनिक-शेतकऱ्यांना दक्षिणेच्या पातळ भिंतींचीच घरं दिली गेली आणि ते अक्षरशः गोठले. त्या बेटाने मग स्वतःचा धडा स्वतः घेतला: दुहेरी खिडक्या, भिंतीत जाड रोधक, बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा मोठा स्टोव्ह आणि घराशेजारी रॉकेलची ४९० लिटरची टाकी. ४९० च का? ५०० पासून अग्निशमन विभागाला कळवावं लागतं. तिथे लोक जानेवारीत टी-शर्ट घालून आइस्क्रीम खातात, कोतात्सु फारसा कोणाकडे नसतो, आणि टोकियोला बदली झाली की कुरकुर करतात.

कोरियात पुढचा बदल इंधनाचा झाला आणि त्याने माणसं मारली. भोकं पाडलेली कोळशाची गोल वडी मुळात जपानची, तिथे रेन्तान, कोरियात योन्तान. कोरियन युद्धानंतर डोंगर वाचवायला शहरांत सरपण आणायला बंदी आली आणि गांगवोन प्रांतातल्या थेबेक, चोंगसोनच्या खाणींतला अँथ्रासाइट, म्हणजे कठीण दगडी कोळसा, घराघरांत पोचला. घरगुती वडी २२ भोकांची, साडेतीन किलोंहून थोडी जड. हवेची झडप कमी-जास्त करून एक वडी आठेक तास चालते. बदलायची पद्धत ठरलेली: खालची जळून पांढरी पडलेली चिमट्याने काढायची, वरची अर्धी लाल झालेली खाली ठेवायची, तिच्यावर नवी, भोकाला भोक जुळवून. भोकं जुळली नाहीत तर हवा वर जात नाही आणि वडी विझते. पहाटे ते लक्षात आलं तर चटकन पेटणारी पातळ वडी आणून पुन्हा सगळं पहिल्यापासून. घरातल्या बाईची अखंड झोप एका पिढीपुरती या वडीने खाल्ली.

चूक कुठे होती? जमीन लाकडाच्या धुरासाठी बांधलेली होती. लाकडाचा धूर गरम, जोरात ओढला जाणारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा. फटीतून आला तर खोकल्याने जाग येते. कोळशाची वडी धुमसत जळते, तिचा वायू कमी गरम म्हणून धुराड्याकडे नीट ओढला जात नाही, त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर आणि त्याला वास नाही. लोक नेमके फटींच्या वर, जमिनीला नाक लावून झोपलेले. दमट, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात घातक. १९६० ते ८० च्या दशकांत असा हिवाळा गेला नाही की वर्तमानपत्रांत कुटुंबंच्या कुटुंबं गेल्याच्या बातम्या नव्हत्या. बेशुद्ध माणसाला मुळ्याच्या किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या लोणच्याचं, गार आंबट पाणी पाजायचा घरगुती उपाय सर्वांना ठाऊक होता. त्याचा उपयोग शून्य, उलट बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जायची भीती. खरा उपाय ताजी हवा आणि मग रुग्णालयातला दाबाखालचा ऑक्सिजन. जळून गेलेल्या वड्या मात्र चढाच्या गल्लीत बर्फावर फोडून टाकायच्या, पाय घसरू नये म्हणून. त्याच काळात डोंगरही परतले: १९७३ मध्ये सुरू केलेली दहा वर्षांची वनीकरण योजना सहा वर्षांतच पुरी झाली. कोळसा नसता तर ती झाडंही चुलीत गेली असती. शेवटची सरकारी कोळसा खाण, दोग्येची, २०२५ च्या जूनमध्ये बंद झाली.

यावरचा उतारा एका वळसा घेतलेल्या रस्त्याने आला. अमेरिकी वास्तुकार फ्रँक लॉइड राइट इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी टोकियोत असताना उद्योगपती ओकुरा यांच्या घरी जेवायला गेला. जपानी दालनात तो कुडकुडला आणि मग यजमानांनी त्याला त्यांच्या 'कोरियन खोली'त नेलं. राइटने त्यानंतर हॉटेलच्या न्हाणीघरांत जमिनीखाली विजेच्या तारा घातल्या आणि १९३७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका घरात जमिनीखालून गरम नळ फिरवले. याच ओकुरांनी सोलच्या क्योंगबोकगुंग राजवाड्यातली युवराजांची इमारत, चासोनदांग, उचकटून टोकियोला आणली होती. १९२३ च्या भूकंपात ती जळाली. पायाचे दगड ओकुरा हॉटेलच्या बागेत पडून होते. १९९० च्या दशकात ते सोलला परत आले, पण आगीत इतके कमजोर झाले होते की नव्याने बांधलेल्या चासोनदांगखाली बसवता आले नाहीत. राजवाड्याच्या आवारातच एका कडेला ते मांडून ठेवलेत.

नळातून गरम पाणी फिरवण्याची कल्पना कोरियाने उचलली आणि पंधरा-वीस मजल्यांवर नेली. विषारी वायू बॉयलरपाशीच राहिला, जमिनीखाली नुसतं पाणी. १९८६ मध्ये इंडोनेशियाहून द्रवरूप नैसर्गिक वायूची पहिली खेप आली आणि दशकाभरात शहरांतल्या बहुतेक घरांतून कोळसा हटला. आजच्या अपार्टमेंटची जमीन उभी कापली तर खालून वर असं दिसेल: २१० मिलीमीटरचा काँक्रीट स्लॅब, त्यावर आवाज आणि ऊब अडवणारा दोन-तीन सेंटिमीटरचा मऊ थर, चारेक सेंटिमीटर फेसाळ हलकं काँक्रीट, मग वीसेक सेंटिमीटर अंतराने वळवलेले प्लास्टिकचे नळ आणि ते झाकणारा चार-पाच सेंटिमीटरचा सिमेंटचा गिलावा. वर लाकडासारखी दिसणारी पातळ पट्टी. अस्सल जाड लाकूड इथे चालत नाही, वाकतं.

पुण्यातून कोरियातल्या सुवॉनला नोकरीला किंवा शिकायला जाणाऱ्यांच्या वाट्याला हीच जमीन येते, म्हणून थोडं कामाचं. भिंतीवरच्या नियंत्रकावर दोन पद्धती असतात: एक खोलीतल्या हवेचं तापमान बघून चालते, दुसरी नळातल्या पाण्याचं. खिडक्या गळक्या असतील तर हवेवर ठेवलेला बॉयलर थांबतच नाही, तिथे पाण्याची पद्धत घ्यावी, ५० ते ६० अंश. दोन तासांसाठी बाहेर जाताना बंद करणं ही नवख्यांची आवडती काटकसर. गिलाव्याचा तो जड थर गार झाला की पुन्हा तापायला इतका वायू लागतो की बचत उरत नाही. तापमान दोन-तीन अंशांनी उतरवावं, इतकंच. 'बाहेर' लिहिलेलं बटण पाणी गोठू नये इतकीच ऊब देतं, ते लांबच्या प्रवासासाठी. उणे दहाच्या रात्री बॉयलरचा प्लग काढू नये आणि नळ बारीक धारेने सोडून ठेवावा. एकच खोली गरम होत नसेल तर ओट्याखालच्या वाटणी-नळकांड्यावर तिची झडप उघडी आहे का बघावं. उघडी असूनही गार आणि आत गुळगुळ आवाज, तर हवा अडकलीय: बाकीच्या झडपा बंद करून त्या नळाची हवा बादलीत सोडायची, फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत. पाणी काळं आलं तर नळ धुवून घ्यायची वेळ झाली. गादी सरळ जमिनीवर कायमची पसरली की खाली ऊब कोंडते आणि ओलीने बुरशी धरते. तेलाची बाटली, औषधं, चॉकलेट जमिनीवर ठेवू नयेत. धुतलेले कपडे मात्र रात्रीतून खडखडीत वाळतात, आणि खोलीत टांगले की कोरड्या हवेने फुटणारे ओठही वाचतात.

आणि बॉयलरचं धुराडं डोळ्यांनी बघावं. डिसेंबर २०१८ मध्ये गांगनुंगच्या एका पर्यटक निवासात बॉयलरपासून सुटलेल्या धुरनळीमुळे महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा संपवून आलेल्या दहा मुलांना विषबाधा झाली, तिघं गेली. नव्या बॉयलरसोबत वायूचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं ते त्यानंतर.

सगळी जमीन सारखी तापू लागल्यावर विनमोक संपला. घरात गार कोपराच उरला नाही आणि परसही नाही, मग किमचीचे रांजण पुरायचे कुठे? १९९५ मध्ये 'दिमचे' या नावाने किमचीसाठी वेगळा फ्रिज आला, शून्याच्या आसपास न हलणारं तापमान ठेवणारा, आणि बघता बघता तो घराघरांत गेला. उलट ज्यांना आरेनमोकची भाजणारी जमीन हवी होती त्यांच्यासाठी चिमजिलबांग, पैसे देऊन तापलेल्या जमिनीवर लोळायची सार्वजनिक जागा.

तापलेल्या जमिनीची आजची सगळ्यात कडवट बाजू आवाजाची आहे. लोक अजूनही जमिनीवर वावरतात, गालिचा टाकत नाहीत कारण ऊब अडते, आणि इमारती खांबांऐवजी भिंतींवर उभ्या, त्यामुळे वरच्या मुलाची टाच खालच्याच्या डोक्यात वाजते. शेजाऱ्यांच्या मारामाऱ्या, कधी खूनही झालेत. २०२३ पासून मर्यादा दिवसा ३९ आणि रात्री ३४ डेसिबल आहे. २०२२ पासून इमारत पुरी झाल्यावर प्रत्यक्ष आवाज मोजण्याचीही सक्ती झाली. त्याआधी फक्त प्रयोगशाळेतला जमिनीचा नमुना पास व्हायचा, बांधलेली जमीन नव्हे.

जपानमध्ये किंमत न्हाणीघरात मोजली जाते. बैठकीत कोतात्सु, कपडे बदलायच्या जागेत दहा अंश, टबात ४२. गारठ्यात रक्तदाब चढतो, गरम पाण्यात कोसळतो, म्हातारा माणूस टबातच शुद्ध हरपतो. दरवर्षी हजारो वृद्ध घरातल्या टबात बुडून मरतात, रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या वृद्धांच्या दुपटीहून जास्त. सरकारी सूचना सोप्या आहेत: पाणी ४१ अंशांपर्यंतच, दहा मिनिटांच्या आत बाहेर, आत जायच्या आधी कपड्यांची जागा गरम, घरच्यांना सांगून जायचं. घर आतून किमान १८ अंश असावं असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये म्हटलं. जपानने नव्या घरांना उष्णतारोधनाची सक्ती केली ती एप्रिल २०२५ पासून.

जुन्या घरांना ती लागू नाही, आणि माणसं राहतात ती जुन्याच घरांत. तिथे सर्वांत स्वस्त उपाय जमीन उकरण्याचा नाही, खिडकीचा आहे. जुनी ॲल्युमिनियमची एकेरी काच तशीच ठेवून आतल्या बाजूने प्लास्टिकच्या चौकटीची दुसरी खिडकी बसवायची. एका खिडकीला तासाभराचं काम, आणि त्यासाठी सरकारी अनुदानही मिळतं. बहुतेक घरं ती आधी बैठकीला बसवतात, पाहुणे तिथे बसतात म्हणून. आधी न्हाणीघराला बसवावी.